आठ आणि आठ चार

…आणि वर मलाच विचारतात, "किआत, शाळेत-बिळेत गेला होतास का रे?" मला! लहानपणापासून तारा सोलून सोलून ज्याच्या दातांची धार गेली, त्या मला! तुम्हाला सांगतो, माणसानं दारू प्यावी, जुगार खेळावा, कालवं वेचायला जाऊन भरतीत कमरेपर्यंत अडकून बोंबलत बसावं, पण मंदिर समितीच्या अध्यक्षाला ओहम समजावून सांगायला जाऊ नये. मी गेलो. माझीच अक्कल शेण खायला गेली होती म्हणून गेलो!

अध्यक्ष म्हणजे आमचे खो काका. नावच खो! नावाला इतका जागलेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. तुम्ही मांडव घालायला घ्या, काका खो घालणार. पालखी उचलायला घ्या, काका खो घालणार. गालात सुपारीचा तोबरा, पायात निळी-पांढरी रबरी चप्पल, पाठीशी हात बांधलेले, आणि तुम्ही वाकून काम करत असलात की नेमके तुमच्या ढुंगणामागं येऊन उभे, "हे काय चाललंय?" अहो, दिसत नाही का काय चाललंय? तारा जोडतोय! मासे तळतोय का?

तर माझू आईचा वाढदिवस. समुद्राची देवी ती, सगळं गाव तिला नुसतं 'आई' म्हणतं. आणि आईच्या वाढदिवसाला देवळापुढं दरवर्षी दोन मंच लागतात, एकमेकांसमोर, एकाच वेळी. एका बाजूला आमच्या संगीत नाटकाचा, दुसऱ्या बाजूला, ट्रकवर, सिआऊच्या बाहुल्यांचा. त्याच्या बाहुल्या वीतभर आणि त्याचे कर्णे माणसाएवढे! तलवारबाजी, फटाके, धूर, रंगीत दिवे… आणि रीत अशी, की ज्याचा आवाज आधी बंद पडला तो हरला. आई बिचारी गाभाऱ्यातून दोन्हीकडं बघत असते. तिला काय ऐकू येतं ते तिचं तिलाच माहीत.

एरवी मी म्हटलं असतं, जाऊ दे, हरलो तर हरलो. पण यंदा कुई आत्या होती हो! माझ्या वडिलांची बहीण, सख्खी. आयुष्यभर नाटकात पुरुषाची कामं केली तिनं. राजपुत्र, विद्यार्थी, सेनापती. डोळ्याला काजळाची रेघ ओढून आणि कमरेला तलवार लावून आत्या मंचावर आली की गावातल्या पोरी गार व्हायच्या. त्याच पोरी आता म्हाताऱ्या झाल्यात आणि देवळासमोर पार मागं, वडाखाली, प्लास्टिकची स्टुलं टाकून कलिंगडाच्या बिया फोडत बसतात. आणि आत्याचा गळा… काय सांगू! पूर्वी तिचा आवाज बंधाऱ्यापलीकडं जायचा, आता दोऱ्याएवढा उरलाय. डॉक्टर म्हणाले, गाणं बंद करा. ती म्हणाली, "आईच्या वाढदिवसाला एकदा गाते, मग कोंबड्या पाळते."

आणि आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "हे बघ किआत, लढाई ऐकू नाही गेली तरी चालेल. झांजा, नगारे, काही नको. पण शेवटचं ते रडगाणं आहे ना, आईला सोडून परदेशी निघालेल्या मुलाचं, तेवढं वडाखाली पोचव. त्या बायका तेवढ्यासाठीच येतात. माझ्याच्यानं आता तिथवर जात नाही रे."

एवढंच मागितलं तिनं. एवढंच! आणि ते मला सहज जमण्यासारखं होतं हो, कारण माझं मशीन आणि माझे स्पीकरचे डबे यांची जोडी मी अशी जमवली होती, अशी जमवली होती… लोक लग्नाला मुलामुलीच्या जन्मवेळेची आठ अक्षरं जुळवतात ना, तशी! लोक काय करतात, मोठा अँप्लिफायर आणतात, त्याला भलताच डबा जोडतात, आणि मग डबा फाटतो, नाहीतर मशीन तापतं, आणि मग येतात माझ्या दुकानात रडत. अरे, मशीनची ताकद बघा, डब्याची सोसण्याची कुवत बघा, आणि सगळ्यात आधी तो ओहम बघा! ओहम म्हणजे काय, अडवणूक. डबा मशीनला किती अडवतो, तो आकडा. माझा एकेक डबा आठ ओहमचा. मशीनच्या दोन बाजू. एका बाजूला दोन डबे शेजारी शेजारी जोडले की अडवणूक निम्मी होते, म्हणजे चार. आणि माझ्या मशीनच्या पाठीवर छापलेलंच आहे, चार ओहमला पूर्ण ताकद, त्याखाली जाऊ नका. म्हणजे आठ आणि आठ चार! सरळ आहे की नाही? शेंबडं पोरही सांगेल!

काका आले. मागं उभे. "हे काय चाललंय?"

"जोडणी, काका."

"डबे किती?"

आता मी काही कालचा नाही. आमच्याकडं चार म्हटलं की मरण म्हटल्यासारखंच ऐकू येतं, जरा सूर इकडचा तिकडं झाला की मयत. दवाखान्यात त्या नंबरची खोली नाही, इमारतीत त्या नंबरचा मजला नाही. आणि काका तर असे, की त्यांना पाच मुलगे, आणि लोकांशी ओळख करून देतात, "हा पहिला, हा दुसरा, हा तिसरा, हा पाचवा, हा सहावा!" खोटं नाही सांगत! तो बिचारा पाचवा, म्हणजे खरा पाचाच्या आधीचा, पोरगा पन्नाशीला आला तरी सरकारी कागदावर वेगळा नंबर आणि घरात वेगळाच. तर अशा माणसाला मी 'चार डबे' म्हणेन का? मी म्हणालो, "दोन जोड्या आहेत काका."

"दोन जोड्या. छान. जोडी शुभ असते," असं म्हणून निघाले होते हो, निघाले होते! पण खाली वाकले. का वाकले? चप्पल निसटली म्हणून वाकले! आणि नजर गेली मशीनच्या पाठीवर.

"किआत. हे काय लिहिलंय?"

"काय काका?"

"हे. पाचाच्या आधीचं!"

"ते होय, ते ओहम आहेत, काका."

"आईच्या वाढदिवसाला, आईच्या तोंडासमोर, तू मरण टांगतोयस? आणि तुझी स्वतःची आत्या त्याच्यातून गाणार? तुझी सख्खी आत्या?"

तुम्हीच सांगा, इथं मी गप्प बसायला हवं होतं की नको? लाल कागद चिकटवून मोकळं व्हायला हवं होतं की नको? पण नाही! मला वाटलं, समजावू. म्हणालो, "काका, घाबरू नका, डबे आठचेच आहेत. हे बघा, प्रत्येकावर लिहिलंय, आठ, आठ, आठ, आठ." काकांचा चेहरा खुलला. आठ म्हणजे भरभराट! मी म्हणालो, "फक्त दोन आठ शेजारी जोडले की मशीनला ते…"

"सोळा."

"नाही काका. पाचाच्या आधीचं."

काकांनी तोबरा दुसऱ्या गालात नेला. "परत सांग."

"आठ आणि आठ… चार."

तेव्हा विचारलं त्यांनी, "किआत, शाळेत-बिळेत गेला होतास का रे?" सगळ्या समितीसमोर! कोपऱ्यात तांदळाच्या शेवया खात बसलेली ती समिती, तिला तर फुकटची करमणूक. एकजण म्हणतो, "अहो, हा दुकानात हिशेबही असाच करत असणार!" दुसरा म्हणतो, "आठ दिले, आठ दिले, आणि चार परत? मधले बारा कुठं गेले रे?" आणि सगळे ख्यॅ ख्यॅ ख्यॅ! अंगाचा असा तिळपापड झाला माझा!

मी म्हणालो, थांबा. उदाहरण देतो. ही माझी दुसरी चूक. म्हणालो, "काका, उत्सवाच्या दिवशी देवळाचं एकच दार उघडं ठेवलं तर काय होतं? चेंगराचेंगरी. अडवणूक. दोन दारं उघडली तर? गर्दी दोन वाटांनी जाते, अडवणूक निम्मी. डबा म्हणजे दार. दोन दारं, निम्मी अडवणूक. म्हणून आठाचे चार."

काका बघत राहिले. डोळ्यांत प्रकाश पडला. मला वाटलं, जिंकलो! आई, तुझी कृपा!

"म्हणजे," काका म्हणाले, "दारं वाढवली की अडचण कमी होते?"

"अगदी बरोबर!"

"मग आठ दारं कर की!"

अरे देवा…

"आठ डबे लाव, किआत! प्रत्येक आठाचा. आठ आठे! आईला आवडेल. हा दोन जोड्यांचा भिकारपणा कशाला?" आणि खिशातून फोन काढून लगेच मेव्हण्याला, "हॅलो, तुझ्या कराओके गाण्याच्या खोल्यांतले डबे काढ. हो, आत्ता. गिऱ्हाईक गातंय? गाऊ दे तोंडानं!"

मी हात जोडले. म्हणालो, "काका, एका बाजूला आठाचे अजून दोन लावले तर मशीनला ते दोनच ओहम होतात, मशीन जळेल, त्याला थोडी तरी अडवणूक लागते हो!" तर मला काय म्हणतात? "अडवणूक तर तूच करतोयस." आता बोला! खो काका, ज्यांनी आख्ख्या गावाला खो घातला, ते मला म्हणतात, मी अडवतोय!

शेवटी त्यांनी आमच्याकडचं ब्रह्मास्त्र काढलं. "आईला विचारू."

म्हणजे कौल. चंद्रकोरीसारखे दोन लाल लाकडी ठोकळे असतात, एक बाजू सपाट, एक फुगीर. हातात धरायचे, आईला प्रश्न सांगायचा आणि टाकायचे. एक सपाट, एक फुगीर वर आला की हो. दोन्ही फुगीर वर आले की नाही. आणि दोन्ही सपाट वर आले, डुगुडुगु हलत राहिले, की आई हसली. म्हणजे तुझा प्रश्नच खुळ्यासारखा आहे, नीट विचारून ये.

काकांनी गुडघे टेकले. "आई, तुझ्या वाढदिवसाला पाचाच्या आधीचं चालेल का?" टाकले. दोन्ही फुगीर. नाही! समितीनं शेवया बाजूला ठेवून नमस्कार केला.

मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला? कुठल्या आईला विचारलं की तुझ्या वाढदिवसाला मरण आणू का, तर ती हो म्हणेल? सरका, मी विचारतो! आणि मी गुडघे टेकले, उदबत्तीच्या धुरात, इतक्या तावातावानं, की नाव-गाव-पत्ता सांगायचा असतो आधी, तोसुद्धा विसरलो. "आई, तू समुद्र सांभाळतेस, वारा सांभाळतेस, तुला गणित येत असणारच. आठ ओहम आणि आठ ओहम शेजारी शेजारी जोडले तर चार होतात, हे खरं की नाही, एकदाच सांग या लोकांना!"

टाकले. दोन्ही सपाट. डुगुडुगु डुगुडुगु…

"हसली!" काका ओरडले. "बघा, बघा, याच्या गणिताला आई हसली!"

आता आईनंच हसल्यावर कोणाकडं जाणार तुम्ही? पोलिसात? आले ते डबे टेम्पोतून. काळे, सिगारेटचा वास मारणारे, एकाच्या जाळीत च्युइंगम. पण प्रत्येकाच्या पाठीवर आठ! काका प्रत्येक आठावरून असा हात फिरवत होते, जणू नातवाच्या टकलावरून.

तेव्हा मी ठरवलं, सरळ बोटानं तूप निघत नाही, तर बोट वाकडं करू. डबे मांडले, आठच्या आठ, रांगेत, लग्नाच्या फोटोसारखे. पण जोडले फक्त माझे… माझ्या दोन जोड्या. मेव्हण्याच्या डब्यांना नुसत्या शेपट्या लावल्या, एक टोक डब्यात, दुसरं टोक सतरंजीखाली. मुके! शोभेला! आणि मशीनच्या पाठीवर त्या आकड्यावर लाल कागद चिकटवला, सोनेरी शाईनं वर लिहिलं, आठ. काका खूश, समिती खूश, मशीनला चार मिळाले म्हणून मशीन खूश. आठ आणि आठ चार, कोणाला न सांगता! मी आवाज तपासला. आत्या नुसतं "हं" म्हणाली आणि वडाखालच्या म्हातारीनं बी फोडता फोडता मान वर केली. तुम्हाला सांगतो, त्या क्षणी मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं…

दिवेलागणीला नाटक उभं राहिलं. समोर सिआऊच्या बाहुल्या बेभान, ढिशुम, फटाके, "थांब दुष्टा!" आणि आमच्याकडं आत्या. केसांचा टोप, रुपेरी झगा, गालाला लाली. तो दोऱ्याएवढा आवाज माझ्या मशीनमधून जात होता आणि वडाखाली असा पोचत होता, स्वच्छ, कुठं चिरकणं नाही, कुठं घरघर नाही. म्हाताऱ्यांनी बिया फोडणं थांबवलं होतं. सिआऊ आपल्या ट्रकमधून मान काढून बघत होता, हा एवढ्या डब्यांत असं काय करतोय? मी मिशा नाहीत तरी पीळ देत होतो.

आणि मंचामागं काका शिरले.

कशाला? तर आठ डब्यांना उदबत्ती ओवाळायला! प्रत्येकाला. आणि ओवाळता ओवाळता कान लावला. पहिला गातोय. दुसरा गातोय. तिसरा मुका! काकांनी दोनदा थापटला. मुका! पुढचा… मुका! मग त्यांना सतरंजीखालची शेपटी सापडली. आता दुसरा कोणी असता तर मला बोलावलं असतं. पण खो काकांचा मेव्हणा गाण्याच्या खोल्या चालवतो ना, त्यांनी पाहिलंय, डब्याच्या पाठीला दोन भोकं असतात, एका डब्यातून दुसऱ्यात अशी तार ओवायची. ओवली! एक ओवली, दुसरी ओवली, पलीकडच्या बाजूला जाऊन तिकडच्याही ओवल्या. मी इकडं पुढं बसलोय आवाजाच्या बटणांवर बोटं ठेवून, मला काय पत्ता!

आणि गंमत बघा… आवाज वाढला! अडवणूक कमी झाली ना, मशीन मोकाट सुटलं. मला वाटलं, आत्याला गळा फुटला! वाटलं, आई आली अंगात! मागून पडदा सरकला आणि काका अंगठा दाखवतात, "बघ! आठ!"

मी किंचाळलो, "काकाऽऽ, काढाऽऽ!" सिआऊच्या फटाक्यांत काकांना ऐकू गेलं, "वाढवाऽऽ." ते म्हणाले, "हो हो, वाढलाय!"

आत्या पुढं आली. नगारे थांबले. रडगाण्याची पहिली ओळ. "आई, मी निघालो…" आणि मशीनमधून धूर. काकांनी धुराला नमस्कार केला! त्यांना वाटलं उदबत्ती! मग खाट्. संपलं. आठ डबे, आठ आठे, सगळे मुके.

आत्याचे ओठ हलत होते आणि आवाज सिआऊच्या ढिशुममध्ये बुडत होता. तिनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. राग परवडला असता. नुसतं पाहिलं, आणि मला आठवलं, एवढंच मागितलं होतं तिनं, वडापर्यंत पोचव. मला त्या काकांना त्यांच्याच आठ डब्यांखाली गाडावंसं वाटलं. खरंच सांगतो, हात शिवशिवत होते.

सिआऊनं पाहिलं, आमचं बंद पडलं. जिंकला! त्यानं कर्णे आणखी चढवले. आणि तेव्हा वडाखाली एक म्हातारी उठली. सिआऊचीच आई! तिनं पायातली चप्पल काढली आणि हात वर केला. फेकली नाही, नुसती दाखवली. मग दुसरीनं काढली. मग तिसरीनं. सगळ्या म्हाताऱ्या स्टुलांवरून उठून ट्रककडं वळलेल्या, हातात निळ्या-पांढऱ्या चपला, एक शब्द नाही. सिआऊची बाहुली तलवार उगारलेली तशीच हवेत थांबली. "बंद केला, आई, बंद केला! खाली ठेव!"

आणि सगळं गप्प झालं. देवळासमोर वाढदिवसाला असं गप्प मी जन्मात ऐकलं नव्हतं. आत्यानं झगा आवरला, शिडीवरून खाली उतरली, पुढच्या मान्यवरांच्या खुर्च्या ओलांडून सरळ चालत वडाखाली गेली आणि त्या बायकांच्या मध्ये उभी राहून गायली. पहिल्यापासून. दोऱ्याएवढ्या आवाजात. "आई, मी निघालो, दाराशी उभी राहू नकोस…" सिआऊच्या आईनं तिची बाही धरून ठेवली होती, गाणं संपेपर्यंत सोडली नाही. मी रडलो नाही, डोळ्यांत धूर गेला होता. बरं, रडलो. खूप रडलो! आणि रडता रडता रागही येत होता, कारण जन्मभर मी मशीन जुळवतोय, डबे जुळवतोय, अडवणूक जुळवतोय, आणि पोचायचं ते चालत जाऊन पोचलं.

इथं संपायला पाहिजे होतं की नाही? पण काका आहेत ना!

काका जळक्या मशीनभोवती फिरत होते. म्हणाले, "आठ लावूनही असं कसं झालं?" वास घेतला. थुंकले. वाकले. आणि उष्णतेनं तो लाल कागद एका कोपऱ्यातून सुटला होता. काकांनी नखानं खरवडला.

"किआत."

"काका…"

"लोकहो, इकडं या! या, या, बघा! यानं खाली पाचाच्या आधीचं लपवलं होतं!" जमलं सगळं गाव. "मी दिवसभर काय सांगत होतो? आणि मशीनचं काय झालं?"

गाव म्हणालं, "मेलं."

"मग?"

मी म्हणालो, "काका, ते तुम्ही जादा डबे जोडलेत म्हणून… आठ आणि आठ…" आणि बघतो तर गावातला प्रत्येक माणूस माझ्याकडं असा बघतोय, जसं मयताच्या घरी कोणी हिशेब काढल्यावर बघतात. आकडा चार. मशीन मेलेलं. मी सकाळपासून घसा फोडून सांगत होतो, आठ आणि आठ चार, एकालाही पटलं नाही. चार म्हणजे मरण, हे काकांनी एकदा सांगितलं, सगळ्यांना पटलं! आणि त्यात माझी आत्या, माझी सख्खी आत्या, तोंडाची लाली पुसत येऊन म्हणते, "अय्या, खरंच चार होता का रे? आधी नाही का सांगायचंस!"

मी तडक गाभाऱ्यात गेलो. ठोकळे उचलले. या वेळी नाव, गाव, पत्ता, सगळं सांगितलं. "आई, तू सगळं पाहिलंस. आता खरं सांग, मशीन मारलं ते मी की काकांनी?" टाकले.

डुगुडुगु डुगुडुगु…

हसली! परत हसली! वाढदिवस आहे बाईचा, हसू दे.

बाहेर आलो, आत्या वडाखाली म्हाताऱ्यांबरोबर शेवया खात बसलेली. म्हणालो, "आत्या, झालं ना मनासारखं? आता पाळ कोंबड्या." तर म्हणते, "कसल्या कोंबड्या? हा काय निरोप झाला? मधेच मशीन गेलं. ह्या म्हणतायत, पुढच्या वर्षी नीट करू." आणि सिआऊची आई मान हलवतेय, "चालत नको गं येऊस पण, गुडघे दुखतात तुझे. याला सांग, मशीन आण."

आणलं! नवीन मशीन आणलं. गेल्या आठवड्यात खोक्यातून काढतोय, पाठ वर केलीय, आणि ढुंगणामागून आवाज, "हे काय चाललंय?"

"नवीन मशीन, काका."

"मागं काय छापलंय रे?"

मी पाहिलं. तोच आकडा. सगळ्या जगातली मशिनं तोच आकडा छापून येतात, मी काय करू? मला एकदा वाटलं, समजावू. दारं, गर्दी, अडवणूक, आठ आणि आठ… मग म्हटलं, मरू दे.

"तीन आणि एक छापलंय, काका."

काकांनी तोबरा दुसऱ्या गालात नेला, मान हलवली आणि म्हणाले, "हां. मग हरकत नाही."